मासादादाचं पोट आणि नवी कोसरी

माझ्याशेजारी जेवायला बसू नये, असं आमच्या नात्यात नव्या जावयांना आधीच सांगून ठेवतात. मी सर्जन आहे, चंद्रपुरात राहतो, आणि आतड्यांविषयी बोलायला लागलो की माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात. साडूच्या मुलीच्या लग्नात, अल्सर फुटतो म्हणजे काय होतं हे समजावून सांगायला मी ताटातली पुरी उचलली, बोटानं तिला भोक पाडलं आणि वरून कढी ओतली. समोरच्या दोघांनी जेवण सोडलं. तिसरा मात्र वर्षभरानं माझ्याकडेच आला, पोट धरून, वाकलेला. म्हणाला, "डॉक्टर, ती कढी सांडली वाटतं." अगदी खरं होतं त्याचं.

कागदावर कढी ओतता येत नाही, म्हणून शब्दांत सांगतो. जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथं काही माणसांना जखम होते. उपाशीपोटी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, बिड्या, पोटातले जंतू, कारणं पुष्कळ. ही जखम खोल जात जात एके दिवशी आरपार जाते. भोक एवढंसं, तुरीच्या दाण्याइतकं. पण त्यातून आतला आंबट रस पोटाच्या पोकळीत सांडतो आणि माणूस अंगावर वीज पडल्यासारखा ओरडतो. पोट पाटासारखं कडक होतं. उभा करून एक्स-रे काढला की छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवेची बारीक कोर दिसते, थेट बिजेच्या चंद्रासारखी. आमच्याकडचे नवे डॉक्टर ती कोर पहिल्यांदा पाहतात तेव्हा खूश होतात. मग पेशंटकडे बघून शरमतात.

पोट उघडायचं, भोक शिवायचं, सांडलेलं धुऊन काढायचं, ही सरळ वाट. पण एक गंमत आहे. आतड्यांवर चरबीचा एक पातळ पदर लोंबत असतो. पोटात कुठं काही बिनसलं की तो तिकडं सरकतो आणि त्या जागेला चिकटून बसतो. कित्येकदा आम्ही पोहोचण्याआधीच त्यानं भोक बुजवलेलं असतं. आम्ही आत जाऊन तरी काय करतो? तोच पदर ओढून त्याच भोकावर टाक्यांनी बसवतो. मग जे झालेलंच आहे ते करायला पोट कशाला फाडा? अशा वेळी थांबता येतं. नाकातून नळी घालून जठर रिकामं ठेवायचं, शिरेतून सलाईन आणि औषधं द्यायची, तोंडानं पाण्याचा थेंबही नाही. आणि दर थोड्या वेळानं पोटावर हात. तोही एकाच माणसाचा, कारण सकाळी एकानं आणि दुपारी दुसऱ्यानं पाहिलं तर पोट मऊ झालं की हात बदलला, हे कळत नाही. अर्ध्या दिवसात पोट सैल पडायला लागलं तर वाट बरोबर. नाहीतर चाकू.

या थांबण्यात लोकांना काही पराक्रम दिसत नाही. गडचांदूरच्या खाणीवरचा एक डंपर ड्रायव्हर असाच थांबवला होता. तो तासातासाला विचारायचा, "साहेब, चहा नाई तर चहाचा वास तरी?" त्याची बायको मला बाहेर गाठून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, चिरून टाका न एकदाचं. दाखवायले टाके तरी राह्यतीन. असंच घरी आणला तर सासू म्हणल नाटक करून राह्यला होता." तो बिनटाक्याचा घरी गेला. मी महिनाभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत फिरलो.

मासादादाची गोष्ट मी एवढ्या मोठ्यानं सांगत नाही.

तेव्हा मी भामरागडच्या वाटेवर जंगलातल्या एका छोट्या दवाखान्यात होतो. पावसाळा उतरणीला लागला होता. चार माणसं खाट उलटी करून, बांबूला बांधून, खांद्यावर घेऊन आली. नाला कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडला होता. खाटेवर मासादादा, पांढऱ्या केसांचा, काटक, पाय पोटाशी घेतलेला. सोबत धाकटा भाऊ इरपा. दुखायला लागून एक दिवस उलटून गेला होता. गुडघ्यांसाठी बाजारातून आणलेल्या गोळ्या तो महिनाभर खात होता, बहुतेक रिकाम्या पोटी.

आमच्या सिस्टर सुनंदाबाई मूल गावाकडच्या. बोली झाडीची, पण तिथल्या आदिवासींची माडिया भाषा त्यांना अस्खलित येई. त्यांनी विचारलं, "दादा, कुठी दुखते?"

मासादादानं बोट ठेवलं, वर, बेंबीच्या पुष्कळ वर. मी हात ठेवला. वरचा भाग कडक. पण बेंबीखाली पोट मऊ होतं. नाडी ठीक. एक्स-रेत कोर होती, बारीक. फुटल्यावर एवढा वेळ गेला असूनही खालचं पोट मऊ, म्हणजे पदर आपलं काम करून बसला होता. छाती मात्र बिड्यांनी खरखरत होती. अशा छातीच्या म्हाताऱ्याला पूर्ण भूल देणं हे एक वेगळंच संकट.

त्या दिवशी डांबरी रस्ता चालू होता. भूल देणारे डॉक्टर अहेरीहून संध्याकाळपर्यंत येऊ शकले असते. मी त्यांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुमचा हात काय म्हणतो?"

"थांबा म्हणतो."

"मग थांबा. लागलं तर बोलवा."

मी थांबलो. सहा तासांनी पोट आणखी सैल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मासादादानं डोळे उघडले, नाकातली नळी बोटानं चाचपली आणि म्हणाला, "डॉक्टर, मी कधी खाईन?"

माडिया माणूस सगळ्यांना तू म्हणतो, कलेक्टरलाही. मला ते फार आवडतं. मी खुशीत येऊन म्हणालो, "भूक लागली? म्हणजे तू बरा झालास!"

"भूक नाई. मी कधी खाईन ते सांग."

"चार-पाच दिवस तरी नाही. पाणीसुद्धा नाही."

त्यानं इरपाकडे पाहिलं. इरपानं मान खाली घातली. मला वाटलं, आजाऱ्याचा हट्ट. बाहेर व्हरांड्यात सुनंदाबाईंनी मला थांबवलं.

"सर, तो त्याच्या गावचा पेरमा हाय."

पेरमा म्हणजे गावाच्या देवाचं पाहणारा. शेतात नवं धान्य पिकलं की ते आधी देवाला आणि पूर्वजांना द्यायचं, मग पेरमानं पहिला घास खायचा, आणि मग गावानं. हा त्यांचा नव्या खाण्याचा पंडुम, म्हणजे सण. त्याआधी गावात कुणी नवा दाणा तोंडाला लावत नाही. कोसरी, म्हणजे ती बारीक भरड तृणधान्याची जात, उभी पिकली होती. काही ठिकाणी कापूनही ठेवली होती. घरातलं जुनं संपलेलं. रेशनचा तांदूळ नाल्यापलीकडे अडकलेला. गाव कंदांवर आणि रानभाजीवर दिवस काढत होतं, आणि वाट बघत होतं की मासादादा कधी खाईल.

मी ज्याला तोंडानं काही नाही असं बजावून ठेवलं होतं, तो एकटाच उपाशी नव्हता.

इरपा माझ्याजवळ आला. "डॉक्टर, पोट फाडलं तर दादा लवकर खाईल का?"

इतकी वर्षं हा धंदा केला, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात जगेल का, व्रण दिसेल का, चिरायलाच पाहिजे का. मी प्रामाणिकपणे हिशेब केला. ऑपरेशन केलं तरीही तितकेच दिवस, कदाचित जास्त.

"नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या कुणी खाल्लं तर? तूच खा ना. तू भाऊ आहेस."

तो हसला. मी काहीतरी लहान मुलासारखं बोललो होतो. "दादा जिवंत हाय ना?"

"मग त्यानं तुला देऊन टाकावं, पेरमापण."

"ते इथी नाई होत. देवाच्या जागेवर होते. गावच्या मातीवर उभं राहून."

पुढचे दिवस मी रोज मासादादाच्या पोटावर हात ठेवत होतो आणि पोट रोज मऊ होत होतं. नळीतून येणारा हिरवा रस कमी झाला. आतडी बोलायला लागली. ताप नाही. मी सुनंदाबाईंना म्हणत होतो, "बघा, चाकू न लावता!" आणि तो छताकडे बघत पडलेला असायचा. दुखतं का विचारलं तर नाही म्हणायचा. एकदा म्हणाला, "डॉक्टर, मले घरी ने. खातो, मग परत आण."

"नाल्याला पाणी वाढलंय. आणि खाटेवरून हिंदकळत नेलं तर आतला पदर सुटेल."

"आमच्याकडं पोरं रडून राह्यले," तो म्हणाला. तक्रार नव्हती. मी पोटावर हात ठेवून सांगतो तसं सांगितलं.

मग एके सकाळी इरपा गावाहून परतला. डोक्यावरून पाणी निथळत होतं. सोबत दोन म्हातारे. त्यांच्याजवळ सागाच्या पानांत घट्ट बांधलेली एक मोटली होती. ती त्यांनी मला उघडून दाखवली. माती. गावाच्या देवाजवळची माती. म्हाताऱ्यांनी बसून, बोलून, वाद घालून ठरवलं होतं. दादा मातीकडे येऊ शकत नाही तर माती दादाकडे नेऊ. असं पूर्वी कधी झालं होतं का, मी विचारलं. धाकट्या म्हाताऱ्यानं सुनंदाबाईंकडे बघून काहीतरी म्हटलं.

"म्हणते, पूर्वी नाकात नळी घातलेला पेरमाबी कधी झाला नाई."

मी मोठ्यानं हसलो. मासादादाही हसला आणि त्यानं पोट धरलं.

आता वाटाघाटी सुरू झाल्या, आणि खरं सांगतो, असा आनंद मला थिएटरमध्येही कधी झाला नाही. मी म्हणालो, घास नाही. म्हातारे म्हणाले, घास पाहिजे. मी म्हणालो, जिभेला लावून थुंकायचा. तिघांच्याही तोंडावर असा भाव आला की मी तो शब्द गिळला. देवाचं अन्न थुंकणार कोण? मी विचार केला. पोट तीन दिवसांपासून मऊ होतं. नियमानं मी उद्यापासून त्याला घोट घोट पाणी देणारच होतो. म्हणालो, शिजवून, गाळून, कोसरीची पातळ पेज. एक चमचा.

"दाणा?" इरपानं विचारलं.

"एक दाणा. शिजून मेण झालेला."

ते आपसांत बोलले. एक दाणा चालणार होता.

"आणि कोंबडी?" मोठ्या म्हाताऱ्यानं विचारलं. देवाला कोंबडी लागते.

"दवाखान्यात कोंबडी कापायची नाही," मी गरजलो.

सुनंदाबाई म्हणाल्या, "आपल्याकडं तिले भूल द्यायले डॉक्टरबी नाई, सर."

कोंबडी गावात कापायची ठरली. मोहाची दारू मात्र थोडी आणली होतीच, पूर्वजांसाठी. चौकीदार वास घेत आला, माझ्याकडे बघून परत गेला.

दवाखान्यामागच्या मोहाच्या झाडाखाली आम्ही मासादादाला चाकाच्या खुर्चीत नेलं. सलाईनची बाटली मी स्वतः उंच धरली. जमिनीवर ती माती पसरली. तो खुर्चीतून उतरला, इरपाच्या खांद्यावर हात ठेवून त्या मातीवर अनवाणी उभा राहिला. किती बारीक झाला होता! पळसाच्या द्रोणातून दारूचे थेंब जमिनीवर सांडत तो पूर्वजांशी बोलला. खूप वेळ बोलला. सुनंदाबाईंनी भाषांतर केलं नाही, मीही मागितलं नाही. मग त्यानं ती पेज घेतली. दाणा जिभेवर फिरवला. गिळला. डोळे मिटले.

इरपा तिथूनच पळत सुटला, नाल्याकडे. गावात सांगायला.

मासादादा म्हणाला, "गोड हाय." मग मला म्हणाला, "तू बी खा." मी द्रोणातला उरलेला घोट घेतला. पेज सपक होती, मीठ नव्हतं. मी म्हणालो, छान आहे. तो म्हणाला, "खोटं बोलून राह्यला," आणि हसला.

दोन दिवस त्यानं घोट घोट पाणी घेतलं आणि ते पोटात राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला थंडी वाजून आली. ताप चढला. मी हात ठेवला. भोक होतं तिथं नाही, उजवीकडे, बरगडीखाली, यकृताच्या आसपास दाबलं की तो दचकत होता.

हे काय असतं ते मला माहीत होतं. थांबण्याची किंमत. पोट उघडून धुतलं नाही की पहिल्या दिवशी सांडलेला रस आतच राहतो. बहुतेक वेळा शरीर तो पिऊन टाकतं. कधीकधी कुठल्या तरी कोपऱ्यात त्याचा पू होतो, गुपचूप, आठवडाभर कुणालाही कळू न देता. भोक बुजलेलंच होतं. पदरानं दगा दिला नव्हता. चमचाभर पेजेचा याच्याशी काही संबंध नव्हता. हे मी तेव्हाही जाणत होतो, आताही जाणतो. पण पहिल्याच संध्याकाळी, रस्ता चालू असताना, मी पोट उघडून धुतलं असतं तर?

तर कदाचित तो त्या छातीनिशी भुलेतून उठलाच नसता. हेही तितकंच खरं. अशा दोन खऱ्या गोष्टी माझ्याजवळ आहेत, आणि मला त्यातली एकही टाकता येत नाही.

मी अहेरीला फोन केला. भूल देणारे डॉक्टर निघाले आणि अर्ध्या वाटेवरून परतले. पुलावरून पाणी होतं. मग मी बरगडीखाली बधिर करण्याची इंजेक्शनं दिली आणि जागेपणीच छोटी चीर घेतली. सुनंदाबाईंनी त्याचा चेहरा आपल्याकडे वळवून धरला आणि त्याच्याशी माडियात एकसारख्या बोलत राहिल्या. पू निघाला, पुष्कळ. त्याला बरं वाटलं. दुपारी त्यानं पाणी मागितलं. पण विष रक्तात गेलं होतं. औषधं होती नव्हती ती सगळी दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, पावसानं उघडीप दिली होती तेव्हा, तो गेला. इरपा जवळ होता. तो रडला नाही. भावाच्या तळपायांना लागलेली माती त्यानं पुसली नाही, कुणाला पुसूही दिली नाही.

खाट आली होती तशीच परत गेली.

त्यानंतर मी फार बोललो नाही. माझ्यासारख्या माणसानं गप्प राहणं म्हणजे घरातल्यांना काळजी. मला एकच गोष्ट डाचत होती. गावात काय म्हणत असतील? परक्या जागी खाल्लं म्हणून देव कोपला? माती आणायची युक्ती काढणाऱ्या म्हाताऱ्यांना कुणी बोल लावला असेल? इरपाला? मला गाव गाठून सांगायचं होतं की पेजेनं तो गेला नाही. कुणाची चूक असेल तर ती पहिल्या दिवशीची आहे, आणि ती माझ्या हातातली आहे. हे तरी मी त्यांना देणं लागतो, असं मला वाटत होतं.

पाणी ओसरल्यावर मी आणि सुनंदाबाई चालत गेलो. गाव छोटं, नीट सारवलेलं. अंगणात कोसरी वाळत होती. पोरं तिच्यावरून कोंबड्या हाकलत होती. इरपा भेटला. आता तो पेरमा होता, तरी त्यानं स्वतः उठून आम्हाला बसायला पाट दिले.

मी घसा साफ केला. वाटेत पाठ केलं होतं. "इरपा, मला सगळ्यांना एक सांगायचंय. दादा त्या पेजेनं गेला नाही. आतमध्ये आधीपासून पू होत होता. त्यानं खाल्लं नसतं तरी..."

सुनंदाबाई भाषांतर करायला लागल्या. इरपानं हात वर करून त्यांना थांबवलं. त्याला माझं मराठी कळत होतंच. त्यानं आजूबाजूला पाहिलं, आपला पाट माझ्याजवळ सरकवला आणि हळू आवाजात बोलला.

"डॉक्टर, हे इथी नको बोलू."

"का? तुम्हांला कुणी दोष देतंय का?"

"कोणी नाई देत. गाव म्हणते, दादानं आमच्यासाठी खाल्लं आणि गेला. त्याले माहीत होतं, तरी खाल्लं, म्हणते. पोरं त्याचं नाव घेऊन जेवतात. तू म्हणते खाल्ल्यानं नाई गेला. मग तो कशासाठी गेला, ते सांग. सांगू शकशील तर सांग, मी सगळ्याले बोलावतो."

मी सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या कोसरीकडे बघत होत्या. यकृताखालचा तो कोपरा, न धुतलेला रस, पुलावरचं पाणी, हे सगळं माझ्या तोंडाशी होतं. मला गोष्ट सांगता येते. हात हलवून, आवाज चढवून, मी त्या अंगणात सगळ्यांना पटवू शकलो असतो.

"नाही," मी म्हणालो. "बोलवू नको."

इरपा उठला. आतून त्यानं दोन द्रोण आणले, घट्ट, वाफाळती कोसरी. एक सुनंदाबाईंपुढे ठेवला, एक माझ्यापुढे.

"खा," तो म्हणाला. "आता सगळे खातात."